स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालंय, ऑपरेशनला तीन आठवडे आहेत: मधल्या दिवसांत काय काय करायचं

माझा रिपोर्ट आला तेव्हा सोलापुरात होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरला होता. लॅबमधून बाहेर पडून रिक्षात बसले तर लांबून पाळण्यांचा गलका ऐकू येत होता. माझ्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं, संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार, त्यांना सांगू काय? गाठीचा विचार रात्री आला. आला तो झोप घेऊनच गेला.

ऑपरेशनची तारीख मिळाली चोवीस दिवसांनंतरची. त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून सोलापुरातल्या, आसपासच्या तालुक्यांतल्या कितीतरी बायकांचे मला फोन आले. कुणी ओळखीची, कुणी ओळखीच्या बाईची नणंद, जाऊ. सगळ्यांचं विचारणं एकच: "तारीख तर मिळाली, पण तोवर करू काय?" त्याचं उत्तर इथे एकदा सविस्तर लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, गणवेशाच्या कारखान्यात शिलाई विभाग बघते. औषधाबिषधाच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच धरा. पण या मधल्या दिवसांत करण्यासारखं पुष्कळ असतं, आणि ज्या दिवशी हाताला काही काम नसतं तो दिवस सगळ्यात जड जातो, हे मी स्वतः भोगून सांगते.

पहिले दोन दिवस

पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका. रडायचं असेल तर रडा, जेवण जाणार नाही, डोकं चालणार नाही. कुणी कुठल्या गावच्या वैद्याचा नंबर दिला तर घेऊन ठेवा, पण लावू नका.

या दिवसांत एक भीती फार छळते. इतके दिवस थांबायचं म्हणजे आत वाढतंय की काय? स्तनातली गाठ काही चार दिवसांत तयार झालेली नसते. हाताला लागण्याआधी बहुतेक वेळा ती बराच काळ आत असते. तपासण्या नीट होण्यासाठी, ऑपरेशनची तयारी करण्यासाठी दोन-तीन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही. बिघडतं ते "आधी काढा पिऊन बघू, सुगी झाल्यावर बघू, लग्न उरकल्यावर बघू" म्हणत महिने घालवल्यावर. तारीख मिळाली की डॉक्टरांना सरळ विचारा, "माझ्या गाठीला इतके दिवस थांबलेलं चालेल ना?" त्यांच्या तोंडून ऐकलं की निम्मी धास्ती कमी होते. तारीख पुढे ढकलली गेली तर मात्र गप्प बसू नका, त्याच दिवशी फोन करून नवी तारीख मागा.

दुसरी भीती आपल्याकडे घरोघर आहे: "सुई टोचली, चाकू लागला की पसरतो." माझ्या चुलत सासूबाईंनी बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायच्या, आदल्या दिवशी हेच सांगून मला रडवलं होतं. बायोप्सीने कॅन्सर पसरतो या भीतीने तपासणी टाळू नका. कुठल्या जातीचा कॅन्सर आहे हे कळल्याशिवाय उपचार ठरतच नाहीत. आणि हा आजार ताटातून, कपड्यांतून, जवळ घेतल्याने कुणाला लागत नाही. घरात लहान मूल असेल तर त्याला मांडीवर घ्या. तुम्हालाच त्याची जास्त गरज आहे.

रिपोर्ट समजून घेणं

माझ्या बायोप्सीच्या कागदावर "ग्रेड ३" होतं. मी ते तिसरी स्टेज म्हणून वाचलं आणि दोन दिवस मनातल्या मनात मुलीच्या लग्नाचे हिशेब करत बसले. ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात, किती झपाट्याने वाढताहेत, हे ग्रेड सांगते. गाठ किती मोठी आहे, काखेतल्या गाठींपर्यंत (म्हणजे तिथल्या लसीका ग्रंथींपर्यंत) किंवा आणखी कुठे पोचली आहे का, हे स्टेज सांगते. ग्रेड ३ असूनही स्टेज पहिली-दुसरी असू शकते. माझी दुसरी होती.

मग कॅन्सरची जात सांगणारे इआर, पीआर आणि हर-टू हे तीन शब्द येतात. त्यांचा रिपोर्ट बायोप्सीनंतर आणखी काही दिवसांनी येतो, म्हणून घाबरू नका. कोरोनापासून आपल्याला "पॉझिटिव्ह" म्हटलं की धडकीच भरते. इथे इआर-पीआर पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच, की या कॅन्सरवर हार्मोनच्या गोळ्या काम करू शकतात. ही बरी बातमी असते. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्यासाठी वेगळी, नेमकी औषधं आहेत. हर-टूचा निकाल "२+" असा अधांतरी आला तर फिश नावाची आणखी एक तपासणी करतात. तिन्ही निगेटिव्ह आले तरी उपचार आहेत, फक्त वाट वेगळी. कधीकधी हे रिपोर्ट बघून डॉक्टर आधी केमो (कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं) आणि मग ऑपरेशन असं ठरवतात. गाठ हाताबाहेर गेली म्हणूनच असं करतात असं नाही. काही जातींत आधी केमो देणं जास्त फायद्याचं असतं.

कागद घेताना लॅबकडे ब्लॉक आणि स्लाइडचीही चौकशी करा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमच्या गाठीचा तुकडा. पुढे दुसऱ्या रुग्णालयात गेलात तर तिथले डॉक्टर कागदापेक्षा आधी तोच मागतात. मी सोबत न्यायला विसरले आणि एक खेप वाया गेली.

साधी प्लॅस्टिकची फाईल घ्या, कागद तारखेप्रमाणे लावा, नवा वर. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याला किंवा भावाला पाठवून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना

एकट्या जाऊ नका. "कॅन्सर" हा शब्द कानावर पडला की पुढचं काही ऐकू येत नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण मला वाटायचं मी खमकी आहे. सोबत असं माणूस न्या जे ऐकेल, लिहून घेईल आणि मधे मधे बोलणार नाही. माझ्यासोबत जाऊबाई होत्या. त्या बँकेत आहेत, त्यांचं अक्षर चांगलं. डॉक्टरांची परवानगी घेऊन बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं तरी चालतं.

प्रश्न घरून वहीत लिहून न्या. माझ्या वहीत होते ते असे. स्तन वाचवता येईल का, की पूर्ण काढावा लागेल? वाचवला तर नंतर रेडिएशन किती दिवस? काखेतल्या सगळ्या गाठी काढणार की आधी एक-दोन तपासून बघणार? पीईटी स्कॅन मला खरंच लागणार आहे का? (सुरुवातीच्या स्टेजला तो प्रत्येकीला लागतोच असं नाही, आणि खर्चिक असतो.) किती दिवस दवाखान्यात राहायचं, घरी नळी घेऊन यायचं का, कामावर कधी जाता येईल? काढलेल्या स्तनाच्या जागी पुन्हा आकार देता येतो का, तो त्याच ऑपरेशनमध्ये की नंतर?

पहिल्या प्रश्नावर थोडं थांबते. आपल्याकडे बायका पटकन म्हणतात, "काढूनच टाका सगळं, झंझट नको." गाठ लहान असेल आणि नंतर रेडिएशन घ्यायची तयारी असेल, तर स्तन वाचवून केलेल्या ऑपरेशननंतर आणि पूर्ण काढल्यानंतर जगण्याचं प्रमाण सारखंच राहतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत आणि इटलीत सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासांत स्त्रियांवर २० वर्षं लक्ष ठेवून हे तपासलं गेलंय. म्हणून भीतीपोटी हो म्हणू नका, आणि घरच्यांच्या दडपणाखाली नको म्हणू नका. काहींना पूर्ण काढणंच योग्य असतं, तेही डॉक्टर सांगतील. माझा पूर्ण काढला. निर्णय माझा होता, म्हणून आजही त्याची खंत नाही.

वय कमी असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर केमो सुरू व्हायच्या आधी हे बोला. नंतर बोलून उपयोग कमी होतो. पाळी चुकली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर लाज न धरता सांगा.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या, पण एकच. चार ठिकाणी फिरलं की चार मतं होतात आणि तीन आठवड्यांचे सहा होतात.

कुठे आणि किती खर्च

सोलापुरात सिव्हिल आहे, म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, शिवाय खासगी दवाखाने आहेत. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय सुमारे ७० किलोमीटरवर, आणि बार्शीचा कॅन्सरशी संबंध जुना: देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. काहीजणी टाटाला मुंबईला जातात. मी एवढंच सांगेन, की ऑपरेशननंतर केमो, रेडिएशन असं महिनोन् महिने चालतं. जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल, मुक्कामाला माणूस असेल, असं ठिकाण निवडा.

पैशाचं काम पहिल्याच आठवड्यात उरका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, त्यात कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे बसा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधी घरीच बघा. आपल्या बायकांचं एकीकडे माहेरचं, एकीकडे सासरचं नाव असतं आणि नेमक्या त्याच कारणाने मंजुरी अडकते. मंजुरी उपचार सुरू होण्याआधी लागते. आधीच्या तपासण्यांचा खर्च त्यात बसतो का हेही विचारून घ्या. योजनेचा फोन १५५३८८. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर कामगार कल्याण दवाखान्यात कॅन्सरच्या मदतीची चौकशी करा, बऱ्याच जणींना हे माहीतच नसतं.

उपचारासाठी रेल्वेने जायचं असेल तर रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत पोचता येतं. एसटीतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे, डेपोत विचारा.

घरच्यांना सांगणं

माझी मुलगी तेव्हा दहावीला होती. परीक्षा तोंडावर, म्हणून आम्ही तिला काही सांगायचं नाही असं ठरवलं. चौथ्या दिवशी रात्री पाणी प्यायला उठले तर ती स्वयंपाकघरात ओट्याजवळ अंधारात उभी होती. हातात माझा फोन. म्हणाली, "मम्मी, तू मरणार आहेस म्हणून मला सांगत नाहीयेत का?" चार दिवस ती एकटीच ते घेऊन फिरत होती. पोरांना कळतंच. तेव्हा त्यांच्या वयाला झेपेल एवढं, पण खरं सांगा: आजाराचं नाव, ऑपरेशन कधी, डबा कोण करणार, शाळेत कोण सोडणार. आणि हे तिच्यामुळे किंवा त्याच्यामुळे झालेलं नाही, हे मोठ्याने म्हणा. मुलं मनात असलं काहीतरी धरून बसतात.

याच्या उलट, आजारी बाईपासूनच आजार लपवायची आपल्याकडे रीत आहे. "आईला गाठ म्हणूनच सांगितलंय" असं मुलगे मला फोनवर सांगतात. त्यांची माया मला कळते. पण तिच्या अंगावर ऑपरेशन होणार, तिचे केस गळणार, आणि तिलाच माहीत नाही, हे मला पटत नाही. सांगा. बायका आपण समजतो त्यापेक्षा जास्त पेलतात.

बाहेरच्यांसाठी घरातलं एक माणूस नेमा. आमच्याकडे दीर होते. कुणाचाही फोन आला की तेच सांगायचे, "तारीख ठरलीय, सगळं नीट चाललंय, वहिनी आराम करतायत." शेजारपाजारच्या बायका घरी येऊन "आमच्या अमुकीला पण असंच झालेलं, सहा महिन्यांत गेली" असं सांगतात. त्यांच्या मनात वाईट नसतं, पण ऐकणाऱ्याची रात्र जाते. अशा वेळी मी उठून आत जायचे. तुम्हीही जा. कुणी "काही लागलं तर सांग" म्हणालं की तिथल्या तिथे काम सांगा: "बुधवारच्या भाकऱ्या तुमच्याकडून."

शरीराची तयारी

मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल तर आजच बंद. आपल्या भागात हे बायका डॉक्टरांना सांगत नाहीत. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला उशीर लागतो, टाके उकलू शकतात. सोडायला मदत हवी तर १८००११२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे.

चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा, पाकिटंच घेऊन जा. रक्त पातळ करणाऱ्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका, चालूही ठेवू नका. साखरेच्या काही नव्या गोळ्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. काढा, चूर्ण, लसणाच्या कॅप्सूल, कुणी दिलेली पुडी, यातलं काहीही लपवू नका. काहींनी रक्तस्राव वाढतो, काहींनी लिव्हरवर ताण येतो.

साखर बंद केली की गाठ उपाशी मरते, असं मोबाइलवर फिरतं. त्यापायी बायका दूध-फळंसुद्धा सोडतात आणि अशक्त होऊन टेबलावर जातात. या दिवसांत उपास सोडा. देवाला सांगा, नंतर करते. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही, मोडाची मटकी, डाळ, चालत असेल तर अंडी-मासे, असं दोन्ही वेळ पोटभर खा. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यावर लगेच उपचार सुरू करून घ्या, नाहीतर त्यावरूनही तारीख पुढे जाते.

रोज अर्धा तास चाला. मी सकाळी कंबर तलावाच्या बाजूला जायचे. खांद्याचे व्यायाम आत्ताच शिकून घ्या, दुखत असताना शिकणं अवघड जातं. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी चालवत हात वर न्यायचा, जिथवर जाईल तिथे खडूची खूण करायची. ऑपरेशनआधी माझी खूण कॅलेंडरच्या खिळ्याच्या वर होती. नंतर परत तिथवर पोचायला पावणेतीन महिने लागले, पण कुठे पोचायचंय ते डोळ्यासमोर होतं. नंतर हे व्यायाम कधी सुरू करायचे ते फिजिओथेरपिस्ट सांगतील. तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र दिलं तर लक्षात ठेवा, त्यात फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं.

रात्र

दिवस निघतो. रात्री अडीच-तीनला जाग येते आणि मग सकाळ होत नाही. मी उशाशी वही-पेन ठेवलं होतं. मनात येईल तो प्रश्न लिहायचा आणि वही मिटायची, सकाळी बघू. फोन दुसऱ्या खोलीत. त्या वेळी शोधलेलं काहीही चांगलं निघत नाही. झोप सलग चार-पाच दिवस नाहीच आली तर डॉक्टरांना सांगा, त्यात कमीपणा नाही.

जगूच नये असं वाटायला लागलं तर मात्र सकाळची वाट बघू नका. शेजारच्या माणसाला उठवा, किंवा १४४१६ लावा. ही टेलिमानस सेवा चोवीस तास असते, मराठीतून बोलता येतं.

नवऱ्याशी अंगाबद्दल बोलणं मला सगळ्यात अवघड गेलं. शेवटी अंधारातच विचारलं, "नंतर बघवेल का तुम्हाला?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसता हात धरून राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ड्रेसिंग मी शिकून घेतो." तुमच्या घरी उत्तर वेगळं येईल, कदाचित लगेच येणारही नाही. पण ऑपरेशनआधी एकदा विचारून ठेवा.

शिवायच्या दोन वस्तू आणि पिशवी

हे माझ्या हातातलं काम, म्हणून मापासकट सांगते. काखेतल्या गाठी काढल्या की जखमेतलं पाणी बाहेर यायला नळी आणि तिच्या टोकाला डबी असते. ती हातात धरून फिरणं जिवावर येतं. जुन्या मऊ सुती साडीची ८ बाय १० इंचाची पिशवी शिवा. तिला लांब बंद लावा, म्हणजे दुसऱ्या खांद्यावरून तिरका घेता येतो. डबी नेहमी जखमेच्या खाली, कमरेशी राहिली पाहिजे, त्या बेताने लांबी ठेवा. दोन शिवा, एक धुवायला. डबीत रोज किती पाणी आलं ते मिलीमध्ये लिहायचं असतं, त्यावरून नळी कधी काढायची ते सर्जन ठरवतात.

दुसरी वस्तू म्हणजे काखेत ठेवायची छोटी उशी. मी सोलापुरी टॉवेलच्या तुकड्याची शिवली, आत कापूस सैल भरला. झोपताना हात तिच्यावर ठेवला की ओढ बसत नाही.

पिशवीत पुढून बटणं असलेले तीन सैल गाऊन घ्या, डोक्यातून घालायचं काही नको. घट्ट बाह्यांचे ब्लाउज पुढचे काही आठवडे कपाटातच राहू द्या. फाईल, रेशनकार्ड, आधार, चार्जर, स्ट्रॉ, रोजच्या गोळ्या. उन्हाळ्यात ऑपरेशन असेल तर आपल्या सोलापूरच्या उन्हाचा विचार करा: परतीचा प्रवास सकाळी लवकर किंवा संध्याकाळी.

या दिवसांत ताप आला, गाठीवरची कातडी फुटली, छातीत लाली आणि ठणका सुरू झाला, दम लागला, पाठीत किंवा हाडांत नवं दुखणं उठलं, तर तारखेची वाट न बघता दवाखान्यात फोन करा. पाळी आली तर फक्त सिस्टरना सांगा, तेवढ्यासाठी सहसा ऑपरेशन थांबत नाही.

आदला दिवस

नखांचा रंग आणि मेंदी काढा. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात, त्यात ते आड येतं. हलणारा दात, कवळी असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. शेवटचं जेवण किती वाजता आणि पाणी किती वाजेपर्यंत, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. साधारण जेवण सहा ते आठ तास आधी बंद असतं. ते पाळा, चहाचा घोटसुद्धा नको.

दागिने घरीच काढा. थिएटरच्या दारात घाईघाईने काढायला लावतात आणि तिथे मन कच्चं होतं, हे मला एका बाईंनी आधी सांगितलं होतं, म्हणून मी आदल्या रात्री देवासमोर बसले. बांगड्या साबण लावून एकेक उतरवल्या, जोडवी काढली. मंगळसूत्राला हात जाईना. सासूबाई मागे येऊन बसल्या. त्यांनीच मागचा फासा सोडवला, मंगळसूत्र हातरुमालात बांधून स्वतःच्या कमरेला खोचलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडं आहे बग. शुद्धीवर आलीस की मीच घालती."

सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. त्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या, कमरेवर हात ठेवून.